पेटीतला नकाशा मांडावर आणताना

जपायला म्हणून हातात घेतलेला पहिला नकाशा मीच बिघडवला. फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराचा निळा ब्लूप्रिंट होता तो. ऑगस्टमध्ये पेटीतून निघाला तेव्हा चांगलाच दमट लागत होता. पावसाने दुपारी जरा उघडीप दिली, तशी मी तो पापड वाळत घालावेत तसा राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, उन्हात पसरला. संध्याकाळपर्यंत निळा रंग विटून राखाडी झाला आणि पांढऱ्या रेघा त्यात बुडून गेल्या. घरच्या काकी काही बोलल्या नाहीत. चहा दिला, बशीत दोन खाजी ठेवली. पुढे एका जाणकाराने सांगितले की तो गुंडाळून अंधारात ठेव, निळाई थोडीफार परत येते. आली खरी, पण थोडीच.

तेव्हापासून वास्तुकलेचे विद्यार्थी, देवस्थान समित्या आणि घरमालक यांच्याबरोबर जुन्या वास्तूंचे कागद जपण्याचे आणि ते लोकांना दाखवण्याचे काम करत आलो आहे. नव्याने हात घालणाऱ्यांसाठी ते क्रमाने सांगतो. यातला माझा एक हट्ट आधीच सांगून टाकतो. कागद आधी नीट जमवावेत, लावावेत आणि मग कधीतरी लोकांना दाखवावेत, असा सगळ्यांचा क्रम असतो. माझा अनुभव उलटा आहे. गोव्यात कागद बाहेर येतात ते लोकांसमोर काहीतरी मांडल्यावरच. शिगम्याला मांडावर, म्हणजे गाव जमतो त्या जागेवर, ढोल वाजला की घराघरातून माणसे निघतात, तसेच हे. म्हणून जपणूक आणि जाहीर कार्यक्रम ही मी दोन कामे धरत नाही.

काय ठेवायचे, काय सोडायचे

‘वास्तूचे कागद’ म्हटले की लोक फक्त मंजूर नकाशा शोधतात. पण घराची हकीकत बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. गवंड्याची बिले, सुताराचा हिशेब, चिऱ्यांच्या गाड्यांची नोंद, अंदाजपत्रक, मोजमापाची वही, मुंबईहून किंवा आफ्रिकेतून ‘माडी घालायला पैसे पाठवतो’ म्हणून आलेले पत्र. वारसा विभागणीचे पोर्तुगीज काळातले इन्व्हेंटार, म्हणजे मालमत्तेच्या याद्या, तर कधीच टाकू नका. त्यात कधी कधी खोलीगणिक वर्णन मिळते. देवळाच्या बाबतीत महाजनांच्या सभांची इतिवृत्ते पाहा. सभामंडप कधी वाढवला, अग्रशाळेवर, म्हणजे देवळाच्या आवारातल्या उतरायच्या खोल्यांवर, कौले कधी बदलली, दीपस्तंभाला चुना कोणी दिला, हे सगळे तिथे मराठीत, जुने असेल तर मोडीत, लिहिलेले असते. आणि फोटो. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी सोडून मागे बघायची सवय लावून घ्या. मागे खांब असतो, गज असतात, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असते.

एकाच नकाशाच्या सहा छापील प्रती मिळाल्या तर सहाही ठेवायची गरज नाही. मूळ ट्रेसिंग ठेवा. त्याशिवाय बांधकामावर नेलेली, चुन्याचे डाग पडलेली, लाल पेनाने खाडाखोड केलेली प्रत ठेवा. ती बहुतेक जण ‘खराब’ म्हणून आधी टाकतात आणि नेमकी तीच सोन्यासारखी असते, कारण कागदावर ठरले एक आणि जागेवर झाले दुसरे, हे फक्त तिच्यावर दिसते.

भिंतीही कागदच आहेत. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केलेल्या उभारणीचा शिलालेख आहे. असे लेख, कोनशिला, तुळशी वृंदावनावर कोरलेली साले यांचे फोटो काढून त्यांनाही यादीत क्रमांक द्या.

हात लावण्याआधी

पेटी उघडली की लगेच उपसायला लागू नका. आधी जशी आहे तशी तिचा फोटो काढा. कोणता गठ्ठा कशाखाली होता, कशाने बांधला होता, यावरूनही पुढे अर्थ लागतो. मग मालकाला विचारा: किती दिवस न्यायचे, घरातच काम करायचे का, यातले काय बाहेर दाखवायचे नाही. हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. गावात ‘सह्या कशाला, घरचाच आहे’ असे म्हणतात. तरी घ्या. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची मुले एका वाड्यात आली, आठवडाभर मोजमापे घेतली, जुने फोटो ‘स्कॅन करून देतो’ म्हणून घेऊन गेली आणि परतली नाहीत. त्या वाड्यात मला पाय ठेवायला दोन चतुर्थ्या वाट पाहावी लागली.

चतुर्थीवरून आठवले. गोव्यातली कुटुंबे वर्षभर पांगलेली असतात आणि चवथीला मूळ घरी जमतात. आल्बम तेव्हाच निघतात, आणि ‘ही कोण’ हे सांगणारी शेवटची माणसेही तेव्हाच एका ओसरीवर असतात. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून फोटोंतली नावे लिहून घ्या. मात्र नकाशांच्या गुंडाळ्या त्या दिवसांत उघडू नका. हवेत पाणी असते. गुंडाळ्यांसाठी डिसेंबर ते मार्च बरा.

कागद ओळखा

सगळ्या कागदांना एक औषध नसते, म्हणून ही पायरी सावकाश करा.

निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा म्हणजे ब्लूप्रिंट. त्याचा वैरी उजेड. दुसरे म्हणजे, महागडे ‘आम्लरहित’ कागद घेताना दुकानदार बहुधा क्षार घातलेले देतो. इतर कागदांना ते चांगले, पण ब्लूप्रिंटच्या निळ्या रंगाला क्षार मारक. त्यासाठी क्षार न घातलेला साधा आम्लरहित कागद मागा.

पांढुरक्या, पुढे पिवळट पडलेल्या कागदावर जांभळ्या, निळ्या किंवा तपकिरी रेघा म्हणजे अमोनिया प्रिंट. मुक्तीनंतरच्या तीस-चाळीस वर्षांतली घरे, शाळा, पंचायत घरे, सहकारी सोसायट्या यांचे बहुतेक नकाशे असेच आहेत. त्यातून वायू सुटत राहतो आणि शेजारच्या कागदाला डाग पडतात. म्हणून यांची वेगळी फाइल करा, फोटोंपासून लांब.

एका बाजूने गुळगुळीत, हाताला कापडासारखा लागणारा निळसर-पांढरा ताव म्हणजे ट्रेसिंग कापड. ते सुती असते आणि त्यावर पिठाची खळ चढवलेली असते. पाण्याचा एक थेंब पडला की खळ विरघळते आणि शाई पसरते. ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. ट्रेसिंग पेपर मात्र वयाने कडकडीत होतो, पापडासारखा मोडतो. तो जबरदस्तीने सरळ करायला गेलात तर हातात तुकडे येतील.

निगेटिव्हचा डबा उघडल्यावर आंबट वास आला तर समजा फिल्म कुजायला लागली. गोव्यात विनागराचा, म्हणजे सिरक्याचा, वास ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. ती पट्टी लगेच वेगळी करा आणि आधी तिचेच स्कॅनिंग करा, कारण तिच्यापासून बाकीच्यांनाही लागण होते.

साफसफाई: थोडीच करा

मऊ, रुंद ब्रश, मधून कडेकडे झटकत. हात स्वच्छ आणि कोरडे. बुरशी दिसली तर चांगला मास्क, उघडी पडवी, आणि बुरशी सुकून पावडर झाल्यावरच ब्रश. लिहायचे ते पेन्सिलीने आणि मागच्या बाजूला. स्टेपल, गंजलेल्या टाचण्या, रबर बँड काढून टाका.

सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. देवस्थानांच्या कचेऱ्यांत चांगल्या मनाने लॅमिनेट केलेल्या सनदा मी पाहिल्या आहेत. आत अडकलेली ओल आणि चिकट थर यांनी त्या आतून तपकिरी होतात, आणि तो थर सहजासहजी काढता येत नाही. फाटलेला ताव जोडायचाच असेल तर गव्हाच्या पिठाच्या खळीने पातळ जपानी कागद लावतात, पण ते शिकलेल्या हाताचे काम आहे. तोवर फाटलेले तुकडे एका पाकिटात एकत्र ठेवा. तेवढे पुरे.

पावसाळा

परदेशी पुस्तके सांगतात: तापमान २० अंशांच्या आसपास, आर्द्रता ५० टक्के. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि जुलैत घरातल्या चपला हिरव्या होतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणजे आपल्याला पुस्तकातला आदर्श गाठायचा नाही, ६५ च्या खाली कसे राहता येईल ते पाहायचे आहे.

आधी जागा निवडा. कौलांखालचा माळा नको, जमीन नको, पश्चिमेची बाहेरची भिंत नको. जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि चुना उडालेला असेल तर आतल्या अंगाला ओल येते. घराच्या मध्यात, माजघराच्या बाजूची खोली बरी. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून तेवढेच वर. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणून आत ठेवा आणि रोजचा आकडा वहीत लिहा. पहिल्या पावसाळ्यात दुसरे काही नाही केलेत तरी चालेल, हा आकडा लिहा. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की तापवून पुन्हा वापरता येतात.

एसीबद्दल माझे मत अनेकांना आवडत नाही. कचेरी सुरू असताना एसी आणि रात्री बंद, यापेक्षा नसलेला बरा. थंड झालेल्या कागदावर रात्री दमट हवा बसते आणि पाणी सुटते. चोवीस तास चालवायची ऐपत नसेल तर पंखा, उघडी-मिटी होणारी खिडकी आणि बंद डबे यांवर भागवा. डांबरगोळ्या नकोत. कडुनिंबाची पाने कागदांच्या घडीत नकोत, ती स्वतःच ओल धरतात आणि डाग पाडतात.

नकाशे शक्यतो सपाट, मोठ्या उथळ खणांत ठेवा. जागा नसेल तर गुंडाळा, पण निदान १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या बाहेरून गुंडाळा, आत कोंबू नका, आणि वरून सुती कापड लपेटा. कसर किंवा वाळवीचा संशय आला तर गठ्ठा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडत नाहीत. जमिनीतून वाळवीची मातकट वाट कपाटापर्यंत आली असेल तर आधी तिचा बंदोबस्त.

कौल सरकून गठ्ठा भिजलाच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे. ओल्या घड्या उलगडू नका. टिपकागद बदलत राहा, पंखा आढ्याकडे फिरवा, ऊन नको. सगळे एका दिवसात सुकवणे जमणार नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओळखीच्या मासळीवाल्याच्या फ्रीझरमध्ये जागा मागा. हसू नका, गोठलेल्या कागदात बुरशी वाढत नाही आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळतो. फक्त बांगड्यांपासून वेगळा कप्पा मागा.

नोंदवही

स्कॅनरच्या आधी वही. क्रमांक, काय आहे, कोणती वास्तू, वाडा-गाव-तालुका, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे क्रमांक, तारीख (माहीत नसेल तर ‘अंदाजे’), कोणी काढला, कशावर काढला, आकार, प्रमाण, अवस्था, कोणाकडून आला. तेरावा रकाना मोकळा ठेवा, त्याचे काम शेवटी सांगतो.

सर्व्हे क्रमांकावर माझा भर का? गोव्यात नावे फिरतात. पोर्तुगीज कागदांवर साखळीचे सांकेलिम होते, डिचोलीचे बिचोलिम. पणजी तर कुठे पंजिम, कुठे पांगिम, आणि १८४३ नंतरच्या सरकारी कागदांवर नोवा गोवा. नव्याने आलेला विद्यार्थी ही चार वेगळी गावे समजतो. म्हणून कागदावर आहे तसे नाव एका ओळीत आणि आजचे नाव तिच्याखाली लिहा. मोजमापांचेही तसेच. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काळातले सरकारी नकाशे बहुधा मीटरमध्ये सापडतात, त्याआधीच्या कागदांत पाल्म, म्हणजे वीत, साधारण २२ सेंटिमीटर, आणि गवंड्याच्या वहीत हात. स्वतः भाषांतर करून मूळ आकडा पुसू नका.

स्कॅन आणि संगणक

ए-३ पर्यंतचे कागद साध्या सपाट स्कॅनरवर होतात. मोठ्या तावांसाठी झेरॉक्सवाल्याकडे रुळांतून ओढून घेणारे स्कॅनर असतात. कडकडीत ट्रेसिंग त्यात घालू नका, एकदा अडकले की संपले. त्यापेक्षा जमिनीवर पांढरी चादर, दोन बाजूंनी तिरके दिवे, वरून सरळ कॅमेरा. चौकटीत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी दिसलीच पाहिजे. ३०० ते ४०० डीपीआय पुरते. मूळ प्रत टिफमध्ये, वाटायची प्रत जेपीईजीमध्ये. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात.

गेल्या तीस वर्षांचे नकाशे ऑटोकॅडमध्ये आहेत आणि माझ्या मते ते ब्लूप्रिंटपेक्षा लवकर मरतील. आर्किटेक्टच्या कचेरीतला जुना संगणक भंगारात गेला की संपले. फाइल मिळाली तरी मराठी अक्षरे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली असतात, आणि नव्या संगणकावर ‘देवघर’ च्या जागी अनाकलनीय चिन्हे उमटतात. ज्या संगणकावर ती नीट दिसते त्याच्यावरूनच पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ, काढून घ्या, आणि एक छापील प्रतही.

माणसे

ड्राफ्ट्समन, मेस्त (कारागीर मिस्त्री), सेंटरिंगवाले, देवळाचा जुना मुनीम यांना बोलते करा. ‘कधी बांधले’ यापेक्षा ‘इथे दार का बदलले’ विचारा. कोकणीत बोलतील तर कोकणीतच रेकॉर्ड करा, टिपण मराठीत करा, दोन्ही ठेवा. चुना किती दिवस भिजवायचा, त्यात गूळ घालायचा की नाही, यावर दोन गवंड्यांचे भांडण झाले तर रेकॉर्डर बंद करू नका.

हक्क आणि सावधगिरी

नकाशाचा कागद ज्याच्या घरात आहे तो कागदाचा मालक. रेखाटनाचा कॉपीराइट सहसा ज्याने काढले त्याचा, आणि भारतात तो त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून हयात किंवा अलीकडेच गेलेल्या आर्किटेक्टचे नकाशे छापण्याआधी त्यांना किंवा वारसांना विचारा. वास्तूचा स्वतः काढलेला फोटो प्रसिद्ध करायला कॉपीराइटची आडकाठी नाही, कायद्यात तशी सूट आहे.

कायद्यापलीकडची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. राहत्या घराचा संपूर्ण आराखडा इंटरनेटवर टाकू नका, आणि देवळाच्या नकाशातले भांडारगृह, दागिन्यांची खोली झाकूनच दाखवा. हे एका देवस्थानाच्या अध्यक्षांनी मला सभेत उठून सुनावले होते, आणि त्यांचे बरोबर होते.

मूळ कागद कोणाला सोपवायचे

घरी जपणे शक्य नसेल तर संस्था शोधा. गोव्यात ही परंपरा जुनी आहे. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याच्याकडे गोव्यातल्या दफ्तराची जबाबदारी आली, तिथून आजच्या सरकारी पुराभिलेखागाराचा धागा धरतात. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी दीर्घकाळ ते सांभाळले आणि मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज कागदांची जोड दिली. पणजीचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे. पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर गोवा वास्तुकला महाविद्यालय आहे. कोण काय स्वीकारते ते आधी भेटून विचारा, आणि देताना देणगी की ठेव, स्कॅन कोणाला मिळणार, परत मागता येईल का, हे लेखी घ्या.

वास्तुकार चार्ल्स कोरियांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यांनी आपला रेखाचित्रांचा संग्रह लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिला आणि २०१३ मध्ये तिथे त्याचे मोठे प्रदर्शन झाले. तिथे तो नीट राहील, यात शंका नाही. पण पणजीच्या विद्यार्थ्याला तो कागद बघायला किती विमाने बदलावी लागतील? त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत आहे आणि व्याख्याने, चर्चा, नागरी विषयांवरच्या लघुपटांची स्पर्धा असे पुष्कळ करते, ही जमेची बाजू. कोरियांनीच रचलेल्या पणजीच्या कला अकादमीत जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असताना खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्या दिवसांत चहाच्या टपरीवरही ‘मूळ कसे होते’ हा वाद चालला होता. असा वाद सोडवायला गावाजवळ कागद असणे किती कामाचे, हे मला तेव्हा नीट उमगले.

आता मांड

कागद लोकांसमोर मांडायचा हा कार्यक्रम मी विद्यापीठाच्या मदतीने करायला सांगतो, तेव्हा लोक विचारतात: विद्यापीठाचे व्यासपीठ कशाला, गावचे सभागृह का नको? दोन्ही हवीत. पण विद्यापीठाकडे तीन गोष्टी असतात: मुले, मोठा प्रिंटर आणि थोडी पत. घरमालक मला एकट्याला पेटी देत नाही, ‘कॉलेजचे पत्र’ असले की देतो. गोवा विद्यापीठात अभ्यागत संशोधक प्राध्यापकांचे अभ्यासक्रम दामोदर कोसंबी, मारियो मिरांडा अशांच्या नावच्या अध्यासनांखाली चालतात आणि ते बाहेरच्या लोकांनाही खुले असतात. तिथे आधी श्रोता म्हणून जाऊन बसा. कोण शिकवते, कोण प्रश्न विचारते, कोणाला आपल्या विषयात रस आहे, हे कळते. जाता जाता ताळगावच्या पठारावरचे विद्यापीठाचे आवार बघून घ्या, चित्रकार सतीश गुजरालांनी रचलेले आहे. त्या इमारतीत शिकणाऱ्या कितीतरी मुलांना हे माहीत नसते, आणि कार्यक्रमाला पहिला विषय हवाच असेल तर तो तिथेच उभा आहे.

पहिला कार्यक्रम लहान करा: एक वास्तू, दहा नकाशे, एक संध्याकाळ. एखाद्या प्राध्यापकाला गाठून, सत्र सुरू होतानाच तारीख मागा. परीक्षा, नोव्हेंबरातला चित्रपट महोत्सव आणि शिगमो टाळा. निमित्त लागत असेल तर १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह किंवा १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आहे. ऑक्टोबरचा पहिला सोमवार जागतिक वास्तुकला दिन असतो. ९ जूनला अभिलेखागार दिनही असतो, पण तेव्हा आपण ताडपत्री बांधत असतो.

मूळ कागद भिंतीवर टांगू नका, छापील प्रतीच लावा. मजकूर मराठीत आणि कोकणीत, पन्नास-साठ शब्दांचा, मोठ्या अक्षरांत. चौकटीचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. ‘स्थापत्यशैलीचा संकर’ असे लिहिण्यापेक्षा ‘हा सोपो (दारापुढचा बसायचा कट्टा) कोणासाठी होता?’ असे विचारा.

माझा सगळ्यात यशस्वी ठरलेला प्रयोग म्हणजे जमिनीवरचा नकाशा. घराचा आराखडा जमेल तेवढा मोठा, फ्लेक्सवर छापून सभागृहाच्या मध्ये अंथरायचा, चपला काढून त्यावर चालायचे. नकाशा वाचता न येणारा माणूसही पाच मिनिटांत ओसरीवरून माजघरात आणि तिथून मागीलदारी जाऊन पोचतो.

दुसरी जागा दाराजवळच्या टेबलाची. त्यावर पाटी लावा: ‘घरचे जुने नकाशे, फोटो आणा. इथेच स्कॅन करून इथेच परत देऊ.’ दोन विद्यार्थी, एक स्कॅनर, एक वही. येणाऱ्याला त्याच्या फोटोची एक चांगली छापील प्रत हातात द्या. पहिल्या दिवशी तीन माणसे येतील. दुसऱ्या कार्यक्रमाला वीस. अनोळखी फोटो क्रमांक घालून एका फळ्यावर लावा, शेजारी पेन्सिल आणि चिठ्ठ्या ठेवा, ‘ओळखता का?’ एवढेच लिहून.

वक्त्यांच्या क्रमाबद्दल: मेस्त आधी, प्राध्यापक नंतर. उलटे केले तर मेस्त बोलायचा संकोच करतो. आणि दीपप्रज्वलन, श्रीफळ, स्वागत, प्रास्ताविक, ओळख, अध्यक्षीय मनोगत यांना मिळून दहा मिनिटे द्या. आम्ही एकदा पन्नास दिली. नकाशा बघायला आलेली माणसे बटाटवडा खाऊन शेवटची बस पकडायला निघून गेली.

पायी फेरी काढायची असेल तर वीस माणसे, दीड तास, सकाळी आठ किंवा दुपारी साडेचारनंतर. फोंताइन्हासमध्ये नेणार असाल तर आधी रहिवाशांना भेटा. तिथे पर्यटकांच्या फोटोंना लोक कंटाळलेले आहेत आणि घरांवर तशा पाट्याही आहेत. मी तर नवख्यांना मुद्दाम दुसरीकडे न्यायला सांगतो: माशेल, डिचोली, केपे, एखादा कारखाना, एखादी जुनी मराठी शाळा. पणजीपर्यंत न येणाऱ्यांसाठी फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर किंवा तालुक्यातले रवींद्र भवन गाठा आणि तेच दहा नकाशे तिकडे फिरवा.

कार्यक्रम संपला की पंधरा दिवसांच्या आत स्कॅन घरी पोचवायचे. हे चुकवलेत तर पुढचे टेबल रिकामे राहील. फळ्यावरच्या चिठ्ठ्या वहीत चढवा, कोणी सांगितले त्याच्या नावासकट. मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर, वर्षातून दोनदा, प्रत्येक खण उघडून पाहा.

आणि तो तेरावा रकाना. फोंड्याच्या त्याच घराचा आराखडा, निळाई थोडी परत आल्यावर, आम्ही जमिनीवर अंथरला होता. काकी नातीचा हात धरून आल्या. माजघराच्या मागे नकाशात ‘कोठार’ लिहिले होते, तिथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हें कोठार न्हय रे, ही बाळंतेराची कूड. तुझो हो नकासो चुकला.” नकाशा पुसला नाही. तेराव्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले: घरच्यांच्या सांगण्यानुसार बाळंतिणीची खोली, पुढे कधीतरी कोठार. खाली तारीख घातली.